लपवायचं कुणापासून, सांगायचं कुणाला? एचआयव्ही आणि स्तनाच्या कर्करोगातलं बोलणं

प्रश्न यावल तालुक्यातल्या एका समुदाय आरोग्य अधिकारी ताईंचा आहे. (तालुका मी बदलला आहे, आपल्या खान्देशात तेवढ्यावरूनही माणूस सापडतो.) त्यांच्या उपकेंद्रात एकाच महिन्यात दोन माणसं आली. पन्नाशीची एक बाई, डाव्या स्तनात गाठ, जळगावला तपासणी झाली आणि कर्करोग निघाला. मुलगा आणि दीर म्हणतात, "तिला सांगू नका, हाय खाईल." दुसरा पंचविशीतला मुलगा, शिबिरात रक्त तपासलं, पुढे एचआयव्ही पक्कं झालं, लग्न ठरलेलं. तो म्हणतो, "घरी कळलं तर जीव देईन." ताई विचारतात की दोघांशी बोलायचं कसं, आणि पुढे आधार म्हणून आपण नेमकं काय करायचं?

मी आधी एचआयव्हीच्या चाचणी केंद्रात समुपदेशक होते, नंतर कर्करोगाच्या पेशंटसोबत समाजसेवा अधीक्षक म्हणून काम केलं. दोन्हीकडे गाडी एकाच ठिकाणी अडते, फक्त उलट्या बाजूने. एचआयव्हीत पेशंटला माहीत असतं आणि घराला नसतं. स्तनाच्या कर्करोगात घराला, भावकीला, अर्ध्या गल्लीला माहीत असतं आणि नेमकं बाईलाच नसतं. माझं मत सरळ आहे: बातमी ज्याच्या शरीराची, तिच्यावर पहिला हक्क त्याचा. कुणाला, कधी, किती सांगायचं हे त्याने ठरवायचं. ताई, तुमच्या दोन्ही पेशंटना हाच नियम लावा. तो पाळताना एकीकडे तोंड उघडावं लागेल आणि दुसरीकडे घट्ट मिटावं लागेल.

बाईंपासून सुरू करते, कारण तिथे उशीर परवडत नाही.

"सांगू नका" म्हणणाऱ्या मुलावर चिडू नका. तो आईला फसवायला निघालेला नाही, घाबरलेला आहे. त्याला बाजूला घेऊन दोनच गोष्टी विचारा. पहिल्या केमोनंतर दोन-तीन आठवड्यांत आईचे केस जातील, तेव्हा काय सांगणार? आणि मुंबईला टाटात न्यायची वेळ आली तर काय सांगून गाडीत बसवणार? आपल्याकडे "तिले टाटाले लई ग्यात" एवढं म्हटलं की शेंबड्या पोरालाही अर्थ कळतो. बहुतेक मुलं इथे गप्प होतात. मग म्हणा, "मी त्यांना घाबरवणार नाही. त्या जेवढं विचारतील तेवढंच सांगेन. तुम्ही शेजारी बसा."

पण त्याआधी बाईंशी एकटीशी पाच मिनिटं मिळवा. हे वाटतं तितकं सोपं नसतं. आपल्याकडे बाई दवाखान्यात आली की नवरा, मुलगा, दीर, कधी कधी गावचा पुढारीसुद्धा टेबलाला चिकटून उभा असतो, आणि "कधीपासून दुखतंय?" याचं उत्तरही तोच देतो. मी वजन-बीपीचा उपाय वापरते. "वजन घेऊन आणते" म्हणायचं, आत न्यायचं, पडदा ओढायचा, बसवायचं. मग विचारायचं, "मावशी, ही गाठ कशाची असेल असं तुम्हाला वाटतं?" आणि थांबायचं. आपल्याला थांबायची सवय नसते, लगेच पुढचा प्रश्न तोंडात येतो, तो गिळा. अशीच एक बाई बराच वेळ पदराचं टोक गुंडाळत बसली आणि म्हणाली, "मले मालूम शे. पोरे रडतीन म्हनीसन मी बोलनू नही." बाहेर पोरं आईपासून लपवत होती, आत आई पोरांपासून.

सांगताना एका दमात सगळं ओतू नका. आधी, "मावशी, रिपोर्ट आपल्याला हवा होता तसा आलेला नाही." थांबा. त्यांनी विचारलं, किंवा नुसतं वर पाहिलं, तरी पुढे: "गाठ कर्करोगाची आहे." हा शब्द एकदा स्पष्ट उच्चारा, "वाईट गाठ", "जरा वेगळं निघालंय" असं गुळमुळीत बोललं की बाई घरी जाऊन त्याचा अर्थ स्वतःच्या भीतीप्रमाणे लावते. आणि लगेच तिसरं: "यावर उपचार आहेत, आणि ते कुठे, कधी सुरू करायचे ते मी तुम्हाला लिहून देते." बस. त्या दिवशी स्टेज, टक्के, किती वर्षं जगेल, यातलं काही आपणहून काढू नका. तो शब्द कानावर पडल्यावर पुढचं फारसं ऐकूच येत नाही. म्हणून केसपेपरच्या मागे मोठ्या अक्षरात तीन ओळी लिहा: कुठे जायचं, कोणत्या वारी, सोबत काय न्यायचं. शेवटी विचारा, "घरी गेल्यावर सुनेला काय सांगाल?" त्यांच्या तोंडून जे येईल त्यावरून कळतं की आपलं किती पोचलं.

एखादी बाई म्हणेलही, "मला काही सांगू नका, पोराला विचारा." तोही तिचा हक्कच आहे. पण ते तिने म्हणायला हवं, दिराने नव्हे. आणि महिन्याभराने पुन्हा विचारा, कारण मन बदलतं.

उशीर का होतो ते तुम्हाला ठाऊक असेलच. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही, आणि आपल्या बायकांचा हिशोब रोखठोक असतो: "दुखस नही, मंग कशाले दवाखानामा जानं?" त्यात कापूस वेचणीचे दिवस असले तर मजुरी बुडवून कोण येणार. काही जणी लेप लावून बसतात, आणि गाठ फुटली की घरचे म्हणतात, घाण निघून गेली. त्यामुळे तीस वर्षांवरच्या तपासणीत फक्त "गाठ आहे का?" विचारू नका. "न दुखणारी गाठ आहे का, बोंड आत ओढलं गेलंय का, त्यातून लाल पाणी येतं का, कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली आहे का" असं विचारा, आणि हाताने तपासा. उपकेंद्रात यंत्र नाही म्हणून हे काम कमी समजू नका. मुंबईत १९९८ पासून सुमारे दीड लाख बायकांवर टाटा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी अभ्यास केला. प्रशिक्षण दिलेल्या, डॉक्टर नसलेल्या कार्यकर्ती दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासत. २०२१ मध्ये वीस वर्षांचे निष्कर्ष छापून आले. रोग लवकरच्या टप्प्यात सापडू लागला होता, आणि पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले होते. त्याहून लहान वयाच्या बायकांत मृत्यूंवर तसा परिणाम दिसला नाही, हेही सांगायला हवं.

दुसरी अडचण सुईची. "सुई लावली की कॅन्सर अंगभर पसरतो" हे आपल्याकडे इतकं पक्कं आहे की शिकलेली माणसंही ऐकवतात. त्यांच्याशी वाद घालत बसण्यापेक्षा सुई कशासाठी ते सांगा. गाठीचा तुकडा तपासल्याशिवाय ती कोणत्या जातीची ते कळत नाही, आणि औषध त्यावर ठरतं. काहींना टॅमॉक्सिफेनची साधी गोळी पाच ते दहा वर्षं घ्यावी लागते, काहींना महागडी इंजेक्शनं लागतात. सुईने रोग पसरत नाही, पण सुईच्या भीतीने दोन महिने गेले तर गाठ तेवढ्यात वाढते.

बायका डॉक्टरांना जे विचारत नाहीत आणि तुम्हाला विचारतील, ते वेगळंच असतं. नवऱ्याशेजारी झोपलं तर चालेल का? नातवाला मांडीवर घेऊ का? माझं ताट-वाटी वेगळं काढलंय, ते बरोबर आहे का? आणि हळूच, पोरीचं लग्न जमेल का? कर्करोग लागत नाही, ताट वेगळं काढायचं कारण नाही, हे घरातल्या सगळ्यांसमोर, विशेषतः सासूसमोर, मोठ्याने सांगा. आनुवंशिक स्तनाचा कर्करोग शंभरात पाच ते दहा जणींनाच असतो. पण आजी, मावशी, आई अशा एकाच घरात अनेकींना झाला असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून कळवा.

ऑपरेशननंतरच्या हाताबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण डिस्चार्ज कार्डावर एक ओळ असते आणि बाईला जन्मभर तो हात सांभाळायचा असतो. काखेतल्या गाठी काढल्या की त्या बाजूच्या हाताला सूज येण्याचा धोका राहतो, आणि साधी जखम चिघळली की सूज वाढते. "हाताला जपा" असं सांगून उपयोग नाही. कापूस वेचताना बोंडाच्या टोकांनी बोटं ओरखडतात, तेव्हा त्या हाताने वेचणी शक्यतो नको, करायचीच झाली तर हातमोजा. चुलीवर भाकरी थापताना त्या हाताला चटका बसू देऊ नका. डोक्यावर हंडा घेताना त्या हाताने उचलायचा नाही. सुई, सलाईन, बीपी दुसऱ्या हाताला. आणि बांगड्या! घट्ट बांगडी नको, असं सांगितलं की सासू म्हणते, नवरा जिवंत असताना सवाष्णीचा हात रिकामा कसा ठेवायचा. तिथे तुम्ही वाद घालू नका; मनगटावर सैल फिरेल अशी एकच बांगडी घाला म्हणावं, बाकीच्या दुसऱ्या हातात. सासूही खूश. हात लाल, गरम झाला, सोबत ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना.

तापाचंही तसंच. केमो चालू असताना १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप म्हणजे रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना. शरीरातल्या पांढऱ्या पेशी त्या दिवसांत कमी झालेल्या असतात आणि साधा जंतुसंसर्ग काही तासांत जीवावर बेतू शकतो. गावातल्या डॉक्टरकडून क्रोसिन घेऊन सकाळची वाट पाहणं इथे चालत नाही. घरात थर्मामीटर आहे का ते पहिल्या केमोच्या आधी बघा, आणि रात्री गाडी कुणाची मिळेल तेही आधीच ठरवून ठेवा.

स्तन काढल्यावर ब्लाउजचा प्रश्न येतो. त्याबद्दल कुणी बोलत नाही, पण बाई त्यापायी लग्नाकार्याला, कानबाईच्या उत्सवाला जायचं सोडते. जखम पूर्ण भरल्यावर आत घालायला सिलिकॉनचं कृत्रिम स्तन मिळतं, ते महाग असतं. मी काही जणींना पाहिलंय, सुती पिशवीत मोहरी भरून ब्लाउजला आतून खिसा शिवून घेतात. नुसता कापूस भरला तर हलका पडून वर सरकतो. थोडं वजन हवं. शिंपीण विश्वासातली हवी, एवढंच.

आता तो मुलगा.

"जीव देईन" हे वाक्य ऐकून पुढे सरकू नका. सरळ विचारा, "मरायचे विचार येतात का? कसं करायचं ते ठरवलंय का?" विचारल्याने डोक्यात विचार घातला जातो ही भीती खोटी आहे. उत्तर हो असेल, तर त्या दिवशी त्याला एकटं पाठवू नका. त्याने स्वतः निवडलेलं एक माणूस बोलवा, आणि सोबत कशासाठी हवं त्याचं कारण काय सांगायचं ते त्यालाच ठरवू द्या. फवारणीची औषधं आपल्या प्रत्येक घरात असतात, त्याबद्दलही विचारा. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आधाराच्या सरकारी हेल्पलाइनचा, मोफत क्रमांक त्याच्या मोबाईलमध्ये टाकून द्या.

मग त्याच्या डोक्यातला जुना एड्स बाहेर काढावा लागतो. त्याने लहानपणी गावात पाहिलेलं असतं, हाडं वर आलेला माणूस, वर्षभरात संपलेला. ते औषधांच्या आधीचं. आपल्या देशात मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीचा विषाणू दाबून ठेवणारी औषधं, २००४ मध्ये सुरू झाली, आणि २०१७ पासून पांढऱ्या पेशींचा आकडा कितीही असो, पॉझिटिव्ह असलेल्या प्रत्येकाला औषध सुरू करतात. बहुतेकांना दिवसाला एकच गोळी लागते. सहा महिन्यांनी रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण तपासतात. ते सापडेनासं झालं आणि गोळी चुकली नाही, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे वाक्य दोनदा सांगा. पहिल्यांदा विश्वास बसत नाही. मूलही होऊ शकतं, निगेटिव्ह होऊ शकतं.

लग्नाबद्दल माझं मत ठाम आहे: ती मुलगी अंधारात राहता कामा नये. पण तिला किंवा त्याच्या आईबापांना परस्पर सांगणं हे तुमचं काम नाही, आणि ते कायद्यातही बसत नाही. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. पेशंटच्या संमतीशिवाय त्याची स्थिती उघड करता येत नाही. जोडीदाराला सांगायची जी सवलत आहे ती फक्त डॉक्टर किंवा समुपदेशकाला, तीही आधी पेशंटला समजावून, सांगणार असल्याची कल्पना देऊन. आणि पेशंट बाई असेल व सांगितल्याने तिला मारहाण होईल अशी भीती असेल तर तीही नाही. तेव्हा त्याला चाचणी केंद्रातल्या समुपदेशकाकडे न्या, आणि पत्रिका छापायच्या आत न्या. एकदा हळदीचा मांडव पडला की कुणाच्याच तोंडून काही निघत नाही.

त्याच्यासमोर रस्ते मांडा. मुलीला समुपदेशकासमोर सांगून तिचा निर्णय तिच्यावर सोडणं. किंवा लग्न पुढे ढकलणं, "यंदा नाही, अखाजीनंतर बघू." किंवा दुसरं काही कारण देऊन मोडणं. पॉझिटिव्ह मुलामुलींचे वधू-वर मेळावेही महाराष्ट्रात भरतात, हे त्याला ठाऊक नसतं. कळलं की चेहऱ्यावरचा ताण थोडा उतरतो. सांगायचं ठरवलं तर पहिलं वाक्य त्याच्याकडून तुमच्यासमोर बोलून घ्या. डोक्यात जुळवलेलं वाक्य आयत्या वेळी ओठांवर येत नाही. आणि घरी सगळ्यांना सांगायची घाई नको. एक माणूस पुरे. बहुतेकांची निवड बहीण किंवा मामा असते, बाप क्वचितच.

लपवण्याची सोयही करून द्यावी लागते, यात कमीपणा मानू नका. महिन्याच्या गोळ्यांची बाटली खुळखुळते, बसमध्ये पिशवीतून आवाज येतो. एआरटी केंद्रावर विचारून कोरड्या, घट्ट झाकणाच्या डबीत कशा ठेवता येतील ते बघा. जळगावचा माणूस मुद्दाम धुळ्याला औषध घेतो, कारण आपल्या केंद्राच्या रांगेत गाववाला भेटतो. तो प्रवास वाया वाटला तरी अडवू नका. औषध चालू आहे, हे महत्त्वाचं. ऊसतोडीला जाणाऱ्यांना दिवाळीच्या आधीच केंद्रावर पाठवा, म्हणजे जास्त महिन्यांचा साठा किंवा तिकडच्या केंद्राची चिठ्ठी मिळते. मुकादम आला की कुणी कुणासाठी थांबत नाही.

आशाताईला सांगू का, असंही तुम्ही विचारलंय. कर्करोगात आशाताई म्हणजे अर्धा आधार, बाईंना विचारून जरूर सांगा. एचआयव्हीत त्या मुलाने हो म्हटल्याशिवाय अजिबात नाही, मग आशाताई कितीही चांगल्या असोत. त्या त्याच गल्लीत राहतात. आणि एचआयव्हीची खूण म्हणून केसपेपरवर लाल पेनने काही लिहायची जुनी सवय कुठे शिल्लक असेल तर मोडा.

दोन्ही रोग एकाच बाईच्या कागदांवर भेटतात ती जागाही ओळखून ठेवा. स्तनाच्या ऑपरेशनआधी एचआयव्हीची चाचणी होते. ती सांगून, संमती घेऊनच व्हायला हवी, आणि निकाल वॉर्डात नातेवाइकांच्या हातात जाता कामा नये. दुसरं म्हणजे गाठीच्या रिपोर्टवर "ईआर पॉझिटिव्ह", "हर-टू पॉझिटिव्ह" असं असतं. बारावी झालेला पुतण्या तेवढाच शब्द वाचतो आणि घरात नको तो बोभाटा होतो. रिपोर्ट हातात देतानाच सांगा की हा गाठीचा प्रकार आहे, एचआयव्हीशी संबंध नाही.

पैशांचं थोडक्यात. कर्करोगाला महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून, यादीतल्या दवाखान्यात, रेशनकार्ड आणि आधारवर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. दवाखान्यात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला आधी भेटा, बिल झाल्यावर नव्हे. भुसावळहून मुंबईला जाताना कर्करोग पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीत रेल्वे पूर्ण सवलत देते, सोबतच्या एकाला ७५ टक्के, पण दवाखान्याचं ठरावीक प्रमाणपत्र लागतं. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहेच. संजय गांधी निराधार योजनेत कर्करोग आणि एड्स दोन्ही बसतात, दरमहा १५०० रुपये. मात्र उत्पन्नाची अट कडक आहे आणि तलाठी कार्यालयापासून तहसीलपर्यंत कागद फिरतो. त्या मुलाला सांगताना हेही सांगा की अर्जावर आजार लिहावा लागतो. कागद कोण कोण बघणार ते कळल्यावर अर्ज करायचा की नाही हे त्याने ठरवावं.

आधारगट काढायची तुमची कल्पना बाईंसाठी चांगली आहे. उपचार संपवलेली एक बाई, डोक्यावर पुन्हा केस आलेली, समोर येऊन बसली की जे होतं ते माझ्या तासभराच्या बोलण्याने होत नाही. एचआयव्हीसाठी उपकेंद्रात गट नको, तिथे बसलेलं दिसणंच त्याला नको आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी पॉझिटिव्ह लोकांचे गट असतात, त्याची ओळख समुपदेशक करून देतील. १०९७ या एचआयव्ही हेल्पलाइनच्या मोफत क्रमांकावरही तो नाव न सांगता बोलू शकतो. तुम्ही त्याला फोन करणार असाल तर कोणत्या वेळी करायचा आणि आईने उचलला तर काय बोलायचं, हे त्यालाच विचारून आधी ठरवून घ्या. उपकेंद्राच्या नंबरवरून करू नका.